कॅरिबियनमध्ये शिडाची बोट: मुंबईच्या पाण्यातल्या या सवयी टाळा

मुंबई बंदरात शीड हाताळायला शिकलेला माणूस ग्रेनेडात बोटीवर चढतो तेव्हा त्याला वाटतं, समुद्र तो समुद्रच. मलाही तसंच वाटलं होतं. पण इकडे ज्या सवयींनी आपल्याला सांभाळलं, त्यातल्या बऱ्याच तिकडे उलट्या पडतात.

बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे रंगच घ्या. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला राहतो; कॅरिबियनमध्ये तो उजव्या हाताला ठेवायचा. दमलेल्या डोक्याला संध्याकाळी हे आठवत नाही, म्हणून सुकाणूपाशी चिठ्ठी चिकटवा.

भरती-ओहोटीची चूक जास्त महागात पडते. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे चिखलात रुतलेली बोट पुढच्या भरतीला सुटते. ग्रेनेडा आणि सेंट व्हिन्सेंटच्या मधल्या ग्रेनेडाइन्स बेटांमध्ये हा फरक जेमतेम अर्धा मीटर, आणि खाली प्रवाळ. रुतलात तर पाणी येऊन उचलेल ही आशा सोडा. टोबॅगो कीजसारख्या ठिकाणी सकाळी दहा ते दुपारी दोन-तीनच्या दरम्यान, सूर्य वर असतानाच शिरा. एकाने पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा लावून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर उभं राहायचं: गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळं म्हणजे उथळ रेती, तपकिरी दिसलं की वळा. सूर्य समोर असेल तर यातलं काहीच दिसत नाही.

नांगराबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. आपल्या गाळात नांगर टाकला की बहुतेक वेळा धरतो, त्यामुळे तपासायची सवयच लागत नाही. बेक्विया बेटाच्या ॲडमिरल्टी बे या खाडीत मी समुद्री गवतावर नांगर टाकून निवांत झोपलो. मध्यरात्री सर आली आणि जाग आली तेव्हा शेजारच्या बोटीचा दिवा हातभर अंतरावर होता. नांगर वर घेतला तर टोकावर फक्त गवताचा पुंजका. आता मी फिकट रेतीचा तुकडा सापडेपर्यंत फिरतो. पाण्याची खोली अधिक नाळेची उंची, याच्या किमान पाचपट साखळी सोडतो, इंजिन उलट्या गिअरमध्ये टाकून ताण देतो आणि मास्क लावून खाली बघून येतो. नांगराचं टोक रेतीत गाडलेलं दिसलं पाहिजे. रात्री शंका आली तर साखळीवर हात ठेवा: नांगर घसरत असेल तर थरथर हाताला लागते. मग आधी इंजिन सुरू करा, नांगर पूर्ण उचला, नव्याने टाका. मागे बोटी असताना नुसती साखळी सोडत बसू नका.

आपल्याला दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांची सवय. कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे रात्रंदिवस पूर्वेकडून येतात, आणि डिसेंबर-जानेवारीत अधिक जोरात. सेंट व्हिन्सेंटच्या डोंगरांच्या आडोशाला तासन् तास वारं पडतं, म्हणून लोक पूर्ण शीड उभारतात. बेटाचं उत्तर टोक ओलांडलं की वारं आणि लाटा एकदम अंगावर येतात. आडोशात असतानाच मेनसेलला (मुख्य शिडाला) रीफ घ्या, म्हणजे ते थोडं गुंडाळून लहान करा. तिथून उत्तरेला सेंट ल्युसिया बेटाकडे जाताना प्रवाह पश्चिमेला ढकलतो, म्हणून बोटीचं तोंड थोडं पूर्वेला ठेवा.

इंजिन अचानक तापलं तर आधी पाणी ओढणारं गाळणं उघडा. बऱ्याचदा सारगॅसम शेवाळ अडकलेलं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावरून युनियन आयलंड डोळ्यांना दिसतं, पण ते सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनेडाइन्स या वेगळ्या देशात आहे. पिवळा झेंडा लावा. प्रवेशाची नोंद होईपर्यंत फक्त कप्तानाने किनाऱ्यावर जायचं. मार्टिनिक फ्रान्सचा भाग असला तरी युरोपच्या शेंगेन या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांनी तिथे चालणारा व्हिसा आधीच घ्यावा.

आणि हंगाम. नारळी पौर्णिमेला दर्या शांत होतो हे आपल्या रक्तात आहे. कॅरिबियनमध्ये नेमका तेव्हाच वादळांचा जोर वाढू लागतो. हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. पण ऑगस्टपर्यंत वेळ आहे असंही समजू नका. 1 जुलै 2024 ला बेरिल चक्रीवादळ कॅरियाकूवर आदळलं, तेव्हा टिरेल बेच्या खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटीही वाचल्या नाहीत. या महिन्यांत बोट पाण्यात ठेवणार असाल तर विम्याच्या कागदातली अक्षांशाची अट (बोट किती दक्षिणेला ठेवायची ती) वाचा, आणि त्रिनिदादपर्यंत खाली जाता येईल एवढं डिझेल टाकीत कायम ठेवा.