घरी काचेच्या मण्यांचा स्टुडिओ लावताय? आधी या चुका टाळा

परवा शहाद्याहून एका ताईंचा फोन आला. टॉर्च (काच वितळवायचा गॅसचा बर्नर) आला, इटलीच्या काचेचे रॉड आले, मँड्रेल (ज्यांच्यावर काच गुंडाळून मणी करतात त्या स्टीलच्या काड्या) आल्या, चष्मा रस्त्यात आहे. मी विचारलं खोलीचं काय केलं, तर म्हणाल्या, "भाऊ, खोली तर हाये ना गच्चीवर, पत्र्याची, रिकामीच पडेल हाये, टेबल टाकलं का झालं." आणि किल्न, म्हणजे मणी हळूहळू गार करायची विजेची भट्टी? ती नंतर घेऊ म्हणे, आधी हात बसू द्या.

गेल्या आठ वर्षांत हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. टॉर्च आणि रंग शेवटी घ्या. आधी हवा, मग गॅस, मग लाईटचा पॉइंट, मग किल्न. आपले लोक बरोब्बर उलटं करतात, कारण रंगीत रॉडचे फोटो बघून जीव राहत नाही. मला कळतं ते, माझाही राहिला नव्हता. पण खान्देशातल्या उन्हात, पत्र्याखाली, आगीसमोर तीन-तीन तास बसायचं असेल तर खोली हेच पहिलं हत्यार आहे.

कूलर आणि बंद खिडकी

ही चूक इथे जवळपास प्रत्येकजण करतो म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. मे महिन्यात ४४-४५ डिग्री आपल्याला नवीन नाही, भुसावळ-जळगावकडे पारा त्याच्याही वर जातो. त्यात समोर टॉर्च आणि बाजूला ५०० डिग्रीवर तापलेली किल्न. मग माणूस काय करतो, कूलर आणून पाठीमागे लावतो. कूलरचा झोत लागला की ज्योत वाकडी होते, मण्याची एक बाजू लाल आणि दुसरी गार पडते, आणि टक् असा बारीक आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, मणी गेला. मग ज्योत हलू नये म्हणून लोक खिडकी लावून घेतात, एक्झॉस्ट बंद करतात. खरी गडबड इथून सुरू होते.

माझा पहिला उन्हाळा असाच गेला. मागच्या पत्र्याच्या खोलीत टेबल लावलेलं, खिडकीला पोत्याचा पडदा, दार ओढून घेतलेलं. दोन तास काम केलं की डोकं ठणकायचं, मळमळायचं, उठलं की तोल जायचा. आई म्हणे ऊन लागलं, कैरीचं पन्हं दिलं, तळव्यांना कांदा चोळला, दोन तास झोपलो की बरं वाटायचं. संध्याकाळी परत बसायचो आणि परत तेच. पंधरा दिवस आम्ही सगळे ऊनच समजत होतो. मग एक दिवस लाईट नव्हती म्हणून सिंगल गॅसचा (वेगळा ऑक्सिजन न लागणारा) टॉर्च ओट्यावर उघड्यात घेऊन बसलो, भर दुपारी, चांगलं ऊन असताना, आणि डोकं अजिबात दुखलं नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते ऊन नव्हतंच, बंद खोलीत साठलेला धूर होता. म्हणजे डोळ्यांना दिसणारा धूर नाही, ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड आणि नायट्रोजनचे ऑक्साईड. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, आणि लक्षणं थेट ऊन लागल्यासारखी. आपल्याकडे ते कुणाला कळणारच नाही, कारण उन्हाळ्यात डोकं दुखलं तर दुसरं काही असू शकतं हे सुचतच नाही. आई त्या पंधरा दिवसांत दोनदा माझ्या शेजारी येऊन बसली होती, ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

मी काय केलं ते सांगतो. आपल्याकडे गल्लोगल्ली कूलरच्या बॉड्या बनवणारे असतात, त्यातल्याच एकाकडून जीआय पत्र्याचा हुड बनवून घेतला, तीन बाजूंनी बंद, फक्त माझ्याकडची बाजू उघडी, टॉर्चचं तोंड त्या हुडच्या आत जाईल असा. त्याला रुंद पाईप आणि पाईपच्या शेवटी भिंतीत मोठा एक्झॉस्ट. पण नुसता एक्झॉस्ट लावून भागत नाही. हवा बाहेर जायची तर आत यायला पण वाट लागते, आणि ती वाट तुमच्या पाठीमागून हवी. म्हणजे ताजी हवा पाठीकडून येणार, ज्योतीवरून हुडमध्ये जाणार आणि तोंडासमोरून काही परत फिरणार नाही. तपासायला उदबत्ती घ्या, टॉर्चच्या तोंडाशी धरा आणि आपल्या जागेवर बसून बघा धूर कुठे जातो. सरळ हुडात गेला तर ठीक, थोडासा जरी नाकाकडे वळला तर खुर्ची, खिडकी, पंखा काहीतरी हलवा. मी अजूनही दर महिन्याला उदबत्ती लावून बघतो. शिवाय एक कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म भिंतीला लावून ठेवलाय.

कूलर लावायचाच असेल तर बाजूच्या खोलीत लावा, मधलं दार उघडं ठेवा, झोत अंगावर नको. खरं सांगू का, एप्रिल-मेमध्ये मी पहाटे पाचला बसतो आणि नऊला उठतो. दुपारी पत्र्याखाली टॉर्च पेटवायचा हट्ट धरू नका.

गॅस खाली बसतो, आणि आपल्या दाराला उंबरठा असतो

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरतो. जुन्या घरात उंबरठा चांगला वीतभर उंच असतो, तो त्या गॅसला बांधासारखा अडवतो. कोपऱ्यात मोरी असेल तर गॅस तिच्यात उतरून बसतो. म्हणून सिलेंडर बाहेर, सावलीत, उभा, आणि खोलीत आणायचा फक्त पाईप. आडवा सिलेंडर कधीच वापरू नका, पाईपात द्रव गॅस येतो. मी सिलेंडरसाठी परसदारी विटांचा छोटा आडोसा केलाय, वर सिमेंटचा पत्रा, खालून-वरून वारा खेळता. खोलीला फरशीलगत एक जाळीचं भोक पण ठेवलंय.

घरातला १४.२ किलोचा सिलेंडर उचलून टॉर्चला लावणारे खूप आहेत. एक तर तो स्वयंपाकासाठी आहे, विकायचे मणी बनवणार असाल तर कायद्यानेच चालत नाही, कमर्शियलमधला १९ किलोचा नाहीतर ५ किलोचा छोटा घ्या. दुसरं म्हणजे शेगडीच्या रेग्युलेटरमधून प्रेशर अगदी कमी येतं, मोठा टॉर्च त्यावर फुसफुसतो, मग कुणीतरी जाणकार तो रेग्युलेटर उघडून छेडछाड करून देतो. अशा जाणकाराला चहा पाजून परत पाठवा. कमीजास्त करता येणारा हाय प्रेशरचा रेग्युलेटर मिळतो, तोच लावा. मोठ्या टॉर्चला गॅस आणि ऑक्सिजन अशा दोन लाईन असतात, दोन्ही लाईनला फ्लॅशबॅक अरेस्टर (आग उलटी पाईपात शिरू न देणारा वॉल्व्ह) पाहिजे. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी, दर वेळी सिलेंडर बदलला की. काडी पेटवून लीक बघणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या खोलीत बसत पण नाही.

ऑक्सिजनच्या नटाला तेल किंवा ग्रीस लावू नका. डोक्याला खोबरेल लावून त्याच हातांनी पण नको. शुद्ध ऑक्सिजनसमोर तेल आपोआप पेट घेऊ शकतं.

जुना कॉन्सन्ट्रेटर

कोरोनानंतर पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) स्वस्तात मिळायला लागले, छोट्या टॉर्चला एक पुरतो. घेताना आत तासांचा मीटर असतो तो बघा आणि ऑक्सिजन किती टक्के येतो ते मोजून घ्या, चांगला मशीन ९० च्या वर, ९३ च्या आसपास देतो. चाळिशीच्या वरच्या गरमीत त्याचा दम जातो, ज्योत पिवळी-मऊ होते आणि लोक टॉर्चला शिव्या देतात. मशीन घरातल्या गार खोलीत ठेवा, भिंतीतून पाईप घ्या. फिल्टर आठवड्याला धुवा, आपली धूळ माहितीये ना.

किल्न नंतर घेऊ

आता माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, पारोळ्याला. मी तेव्हा दीड वर्षाचा शिकाऊ, किल्न नव्हती, मणी चुलीच्या गरम राखेत पुरायचो आणि वरून सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट टाकायचो. सकाळी काढले की चकचकीत, एकही तडा नाही. भाचीसाठी ५४ मण्यांचा हार केला, निळा आणि आत पांढरी वेल, तीन महिने रोज रात्री बसून. हळदीच्या दिवशी तिने तो घातला, हळद लावता लावता एका मण्याचे दोन तुकडे होऊन मांडीवर पडले आणि उरलेल्या कडेने मानेला ओरखडा आला. बारीकच होता, पण हळदीच्या अंगावर रक्त दिसल्यावर मांडवातल्या बायका काय बोलल्या असतील ते तुम्ही समजून घ्या. दीड महिन्यात त्या ५४ मधले १९ गेले. काही तर डबीत कुणी हात न लावता.

कारण सोपं आहे. काच बाहेरून आधी गार होऊन कडक होते, आतली अजून गरम असते आणि आकसत असते, ती ओढ आत कायमची अडकून राहते. राख आणि ब्लँकेट काच फक्त हळू गार करतात, ओढ काढत नाहीत. त्यासाठी मणी एका ठराविक गरमीवर थांबवावा लागतो, त्यालाच अनीलिंग म्हणतात. इटलीची १०४ ची मऊ काच असेल (हा आकडा कसला ते पुढे सांगतो) तर ५१० डिग्रीच्या आसपास, बोरोसिलिकेट, म्हणजे बोरो ही कडक काच असेल तर ५६५. माझी सवय अशी: नेहमीच्या मण्यांना ५१० वर एक तास, मग तासाला ५०-६० डिग्रीने ३७० पर्यंत, मग किल्न बंद आणि सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. जाड मणी असेल तर सगळं दुप्पट. पारदर्शक मण्यातली ओढ बघायची असेल तर पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा एकमेकींवर आडव्या-उभ्या धरा म्हणजे अंधार होतो, मध्ये मणी ठेवा, ओढ असेल तर तो उजळ दिसतो. हार केला तेव्हा हे माहीत असतं तर.

आधी हात बसू द्या म्हणणाऱ्यांना एवढंच, बसवा हात, पण किल्न येईपर्यंत एकही मणी कुणाच्या गळ्यात घालू नका. राखेत गार केलेले मणी फेकायचे पण नाहीत, न तडकलेले नंतर थंड किल्नमध्ये ठेवून हळूहळू चढवले की अनीलिंग होतं.

लाईटचं आपलं माहिती आहेच. दीड किलोवॅटची किल्न साडेसहा अँपिअर ओढते, तासन् तास, आणि लोक ती मोबाईल चार्जरच्या शेजारच्या साध्या पॉइंटला लावतात. माझ्या एका मित्राचा सॉकेट वितळून भिंतीला काळा डाग पडला. वेगळी वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतःचा एमसीबी, चांगलं अर्थिंग. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, किल्न चढायला वेळ घेते, तेवढं धरून चाला. मध्येच लाईट गेली तर दार उघडून बघू नका, विटांनी धरलेली गरमी हळूच उतरते. लाईट आल्यावर कंट्रोलर स्वतः चालू होतो का ते आधीच एकदा करून बघा, माझा होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळा प्रोग्राम परत लावतो.

कुठल्याही काचेला कुठलीही काच

१०४ म्हणजे काच तापल्यावर किती फुगते त्याचा आकडा. बोरोचा ३३. दोन्ही एका मण्यात घातल्या तर गार होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, मणी फुटणारच, किल्न काही करू शकत नाही. फिरोजाबादच्या बांगड्यांचे तुकडे, उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरकडचे रॉड, दारूची बाटली, या सगळ्या दिसायला काच, पण इटलीच्या रॉडशी जुळतील याची खात्री नाही. एक बाई वारलेल्या सासूबाईंची हिरवी बांगडी घेऊन आल्या होत्या, मण्यावर तिचे ठिपके टाकून द्या म्हणे. मी नाही म्हटलं आणि नुसत्या त्या बांगडीचाच छोटा मणी करून दिला, दुसरी काच न लावता. तो टिकला. रॉड वेगवेगळ्या खणात ठेवा, खणावर आकडा लिहा.

बाकीचं भराभर. टेबलावर प्लायवूड-सनमायका नको, वर पत्रा किंवा सिमेंट शीट टाका. काळा वेल्डिंगचा चष्मा नाही चालत, मणीच दिसत नाही, तापलेल्या काचेतली सोडियमची पिवळी चमक कापणारा डिडिमियमचा चष्मा लागतो, बोरो करणार असाल तर त्याहून गडद. नायलॉनची साडी, ओढणी, मोकळे केस टॉर्चसमोर नको, पदर खोचा, अंगावर सुती. बीड रिलीजची (मणी सुटून यावा म्हणून मँड्रेलला लावायच्या लेपाची) पावडर कालवताना मास्क लावा, आणि भोक साफ करताना मणी पाण्याखाली धरा, ती पांढरी धूळ छातीत जायला नको. लेप लावलेली मँड्रेल ओली असताना ज्योतीत धरली की लेप उडतो आणि मणी कायमचा चिकटतो.

आणि पहिल्याच आठवड्यात मण्याच्या आत फूल पाहिजे असणाऱ्यांनी जरा दम धरावा. आपल्या चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, वीस हजार वर्षांहून जुने, तेवढ्याशा कवचाला कुणीतरी हातानं भोक पाडलंय. तुम्ही पहिले शंभर मणी साधे गोल करा, दोन्ही टोकं आत वळलेली, बोटाला न टोचणारी.

उठताना मी असं करतो: टॉर्चचा ऑक्सिजन बंद, गॅसची बारीक ज्योत चालू ठेवून बाहेर जाऊन सिलेंडर बंद, पाईपातला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझली की टॉर्चची चावी बंद. एक्झॉस्ट अजून अर्धा तास चालूच. शहाद्याच्या ताईंना हेच सांगितलं, आणि टॉर्चचा डबा सध्या कपाटात ठेवा म्हटलं. त्या रविवारी हुडचं माप घेऊन येणार आहेत.