सिन फ्लडमध्ये कॉनट्रॅक टेबल वाचवा

नवरात्रात अंबाबाईच्या भाविकांचं बुकिंग घेणाऱ्या कोल्हापुरातल्या लॉजच्या सर्व्हरवर सिन फ्लड (खोट्या कनेक्शन-विनंत्यांचा पूर) आला, की लिनक्स फायरवॉलचं कॉनट्रॅक टेबल (कनेक्शनची नोंदवही) भरतं आणि खरी गिऱ्हाइकंही बाहेर राहतात. लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ दिसेल. सिनकुकीज (अर्धवट कनेक्शन साठवून न ठेवता उत्तर देण्याची सर्व्हरची सोय) चालू ठेवाच, पण त्या हे टेबल वाचवत नाहीत; ४४३ पोर्टवर (सुरक्षित वेबसाइटचा, एचटीटीपीएसचा) सिनप्रॉक्सी लावा, म्हणजे विनंती खरी आहे का हे फायरवॉलच आधी तपासतो. पहिलं सिन पॅकेट (कनेक्शन मागणारं) रॉ टेबलात, म्हणजे नोंद होण्याआधीच्या टप्प्यावर, नोट्रॅक करा (त्याची नोंद होऊ देऊ नका) आणि कॉनट्रॅकचं टीसीपी लूज (सुरुवात न दिसलेल्या कनेक्शनचीही नोंद करणारं सेटिंग) ० ठेवा, नाहीतर टेबल भरतच राहतं.

दर आयपीला १०-२० कनेक्शनची मर्यादा घालू नका: मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात. १०० पासून सुरुवात करा, लॉग बघत कमी करा. लाइनच तुंबली, तर इंटरनेट पुरवणाऱ्यालाच वरून अडवायला सांगा.