शेगडीची बटणं: पुसू नका, काढून धुवा

गॅसची बटणं जागच्या जागी फडक्याने पुसून स्वच्छ होतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एक बटण ओढून काढावं आणि त्याची मागची बाजू बघावी. पिवळट-तपकिरी मेणचट कडं, त्यात अडकलेली मोहरी, कणकेचा वाळलेला पापुद्रा. फोडणीचं उडालेलं तेल गरमीने आटतं आणि वार्निशसारखं घट्ट बसतं. त्यावर पीठ आणि धूळ चिकटत राहते. शिवाय मासे धुता धुता कुकरची शिट्टी झाली की आपण त्याच हाताने गॅस बारीक करतो. २०११ साली अमेरिकेतल्या एनएसएफ या संस्थेने २२ कुटुंबांच्या घरातल्या वस्तू तपासल्या, तेव्हा सर्वात अस्वच्छ दहा जागांमध्ये शेगडीची बटणं होती. आपल्या फोडण्यांच्या स्वयंपाकात ती त्याहून स्वच्छ असतील, असं मला वाटत नाही.

शेगडी थंड हवी, सगळी बटणं बंदवर हवीत आणि रेग्युलेटर बंद हवा. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक बंद करा. एक फोटोही काढून ठेवा. काही शेगड्यांत लहान-मोठ्या बर्नरची बटणं वेगळी असतात.

आता बटण काढणं. बहुतेक घरांत काम बिघडतं ते इथेच, आणि नेमकं याबद्दल कोणी धड सांगत नाही. "बटण ओढा, निघेल," एवढंच लिहिलेलं असतं. नवीन शेगडीचं निघतंही. पण तीन-चार वर्षं चिकटा खाल्लेलं बटण हलत नाही. मग माणूस स्क्रूड्रायव्हर घेतो, नाहीतर उलथन्याचं टोक मागे घालून उचकटतो. तसं कधीही करू नका.

मी केलं होतं. बटण निघालं, धुतलं, परत बसवलं. वरून काहीच दिसत नव्हतं. पण गॅस चालू-बंद करणाऱ्या दांडीवर बसणारी मागची प्लॅस्टिकची नळी उभी तडकली होती. काही दिवसांनी दूध उतू जाऊन बर्नर विझला. मी बटण फिरवलं, खूण बरोबर बंदवर आली आणि मी बाहेरच्या खोलीत गेले. बटण फिरलं होतं, पण आतली दांडी जागची हलली नव्हती. थोड्या वेळाने वास आला म्हणून मी धावत येऊन रेग्युलेटर बंद केला आणि दारं-खिडक्या उघडल्या. दिव्याला किंवा पंख्याला हात लावला नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडं हवं. वास कमी होत नसेल तर घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. म्हणून तडकलेलं बटण मी आता एक दिवसही शेगडीवर ठेवत नाही.

घट्ट बटण काढायची माझी पद्धत अशी. फडकं गरम पाण्यात बुडवून चांगलं पिळा, एक थेंबही गळता कामा नये. ते बटणाभोवती पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, म्हणजे चिकटा मऊ पडतो. मग जुन्या परकराची सुती नाडी घ्या. बटण आणि शेगडीची समोरची पट्टी यांच्यामधल्या फटीत ती वरून सरकवा, बटणाच्या मागून दोन्ही बाजूंनी खाली आणा आणि दोन्ही टोकं एका मुठीत धरून सरळ स्वतःकडे ओढा. डावीकडे-उजवीकडे हिसके द्यायचे नाहीत आणि बटण फिरवायचंही नाही. नाडीमुळे जोर दोन्ही बाजूंना सारखा पडतो, म्हणून नळी तडकत नाही. पहिल्यांदा नाही निघालं तर परत गरम फडकं गुंडाळा. माझ्या आईच्या शेगडीचं एक बटण चौथ्या खेपेला निघालं, पण अखंड निघालं.

काही बटणांना बाजूला किंवा समोर बारीक स्क्रू असतो. तिथे ओढायचं नाही, स्क्रू सैल करायचा. बटणाच्या भोकात स्टीलची लहानशी पत्ती दिसली तर ती वाटीत काढून ठेवा. बटण दांडीवर घट्ट धरून ठेवते ती हीच पत्ती, आणि बेसिनच्या जाळीतून ती सहज निसटते.

धुणं सोपं आहे: कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, वीस मिनिटं भिजवणं आणि जुना टूथब्रश. खाचांसाठी टूथपिक. उकळतं पाणी नको, तारेची घासणी नको, थिनर तर अजिबात नको. छापलेल्या खुणा पुसल्या गेल्या की बंद कुठे आणि बारीक कुठे हे कळत नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करायचा सल्ला सगळीकडे दिसतो. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि हातात जवळपास साधं पाणी उरतं. सोडा वापरायचाच तर पाण्यात कालवून नुसता लावा. पांढऱ्या बटणावरचा हळदीचा डाग घासत बसू नका, धुतलेलं बटण उन्हात ठेवा, डाग फिका पडतो.

जंतू मारायचे असतील तर ते साबणाने धुतल्यानंतर. ओशट थरावर ब्लीच लागू पडत नाही. एक लिटर गार पाण्यात एक चहाचा चमचा साधं, वास नसलेलं ब्लीच घाला, प्लॅस्टिकची बटणं दोन मिनिटं बुडवा आणि नळाखाली धुवा. चकचकीत मुलामा दिलेल्या किंवा धातूच्या बटणांना ब्लीच लावू नका, त्यांना साबण पुरे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि हाताचं सॅनिटायझर शेगडीवर मारू नका, ते पेट घेतं.

बटणं भिजत असताना पट्टी पुसून घ्या. फवारा थेट मारू नका, साबण फडक्यावर घ्या. दांडीच्या फटीतून साबणाचं पाणी आत गेलं तर शेगडीच्या कॉकमधलं ग्रीस धुऊन निघतं आणि दांडी जड फिरायला लागते. ती आधीपासूनच जड असेल तर वरून खोबरेल तेल सोडू नका. शेगडी दुरुस्त करणाऱ्याला बोलवा.

धुतलेली बटणं भोक खाली करून कपड्यावर आपटा. नळीत लपलेलं पाणी कसं टपकन बाहेर येतं ते दिसेल. मग पंख्याखाली तीन-चार तास वाळू द्या. मी रात्रीचं जेवण झाल्यावर हे काम काढते आणि सकाळच्या चहाआधी बटणं बसवते.

बसवताना पत्ती आत घाला, दांडीची सपाट बाजू आणि भोकाची सपाट बाजू जुळवा आणि सरळ दाबा. रेग्युलेटर उघडण्याआधी प्रत्येक बटण दाबून फिरवून पाहा. मग एकेक बर्नर पेटवा, बारीक करा, बंद करा. खूण बंदवर येते त्याच क्षणी ज्योत गेली पाहिजे. बटण डुगडुगलं किंवा नुसतं फिरलं तर जुनं बटण नमुन्याला घेऊन दुकानात जा, कारण भोकाचा आकार आणि नळीची लांबी शेगडीगणिक वेगळी असते. नवीन येईपर्यंत तो बर्नर पेटवू नका.

महिन्यातून एकदा एवढं केलं तर नाडीची गरज पडत नाही, बटणं हातानेच निघतात. दिवाळीच्या चकल्या-शेवेचं तळण संपलं की मात्र मी त्याच रात्री ती काढते.