गुलामगिरीच्या विस्ताराचा वाद नकाशावर कसा शिकवावा

अमेरिकेतील यादवी युद्धाआधीची चाळीस वर्षे शिकवताना बहुतेक ठिकाणी तडजोडी आणि कायदे ओळीने पाठ करून घेतले जातात आणि विद्यार्थ्यांच्या हाती सनावळीपलीकडे काही लागत नाही. बडोद्यात, विशेषतः दांडिया बाजार आणि रावपुऱ्याकडे, इतिहासाचे मराठी अभ्यासवर्ग घेणाऱ्यांनी एकाच प्रश्नापासून सुरुवात करावी: दक्षिणेत गुलामगिरी होतीच, मग पश्चिमेच्या नव्या मुलखात ती जाणार की नाही, यावरून एवढे रण का पेटले?

उत्तरासाठी आधी फळ्यावर दोन रकाने आखावेत. लोकसंख्या कितीही असो, काँग्रेसच्या म्हणजे अमेरिकी संसदेच्या सेनेट या सभागृहात प्रत्येक राज्याला दोनच जागा होत्या, आणि 1819 साली गुलामगिरी असलेली 11 व नसलेली 11 अशी राज्यांची बरोबरी होती. प्रतिनिधीगृह या दुसऱ्या सभागृहात मात्र जागा लोकसंख्येनुसार मिळत, आणि गुलामांची तीन-पंचमांश संख्या हिशेबात धरूनही उत्तरेचे पारडे जड होत चालले होते. त्यामुळे सेनेट हाच दक्षिणेचा आधार उरला होता. मिझुरीने राज्याचा दर्जा मागितल्यावर 1820 साली तडजोड झाली: मिझुरी गुलामगिरीसह आणि मेन गुलामगिरीविना संघराज्यात येईल, आणि लुइझियाना खरेदीतील, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या पश्चिमेकडील प्रदेशातील, उरलेल्या मुलखात 36 अंश 30 कला या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरी नसेल. ही रेषा विद्यार्थ्यांकडूनच पट्टीने आखून घ्यावी. खुद्द मिझुरी जवळजवळ संपूर्ण रेषेच्या वर असल्याचे त्यांच्या ध्यानात आले की तडजोड कोणाच्या पदरात काय घालून गेली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

टेक्सासचे विलीनीकरण आणि मेक्सिकोशी झालेले युद्ध थोडक्यात आटोपावे. 1848 साली मिळालेल्या विस्तीर्ण प्रदेशाला ही रेषा लागू नव्हती, एवढे कळले तरी पुरे. वेळ द्यावा तो 1850 च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्याला. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले आणि त्या सौद्यात दक्षिणेला हा कायदा मिळाला. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नव्हती आणि स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभाही नव्हती. त्याला मालकाच्या हवाली केले तर प्रकरणाचा निर्णय देणाऱ्या आयुक्ताला 10 डॉलर आणि सोडून दिले तर 5 डॉलर मिळत. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून वर्गाला थोडा वेळ द्यावा. नकाशाच्या दक्षिण भागावर 1860 च्या जनगणनेतील सुमारे 39.5 लाख गुलामांची नोंदही ठळक करावी, कारण जागांच्या हिशेबात ही माणसेच दिसेनाशी होतात आणि मग शिकवणे अन्यायाचे ठरते.

यानंतर 1854 सालचा कॅन्सस-नेब्रास्का कायदा घेऊन आखलेली रेषा खोडायला सांगावी. सेनेटर स्टीफन डग्लस यांनी या कायद्याने गुलामगिरीचा निर्णय तेथील वसाहतकऱ्यांच्या मतावर सोपवला. मिझुरीतून गुलामगिरीचे समर्थक सीमा ओलांडून कॅन्ससमध्ये मतदानाला आले, आणि 1856 साली तेथील लॉरेन्स शहर लुटले गेले. 1857 च्या ड्रेड स्कॉट खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर काँग्रेसला संघीय प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालण्याचा अधिकारच नाही, असे ठरवले. म्हणूनच 1860 साली जेथे गुलामगिरी आहे तेथे हात न लावण्याचे, मात्र पुढे पसरू न देण्याचे धोरण सांगणारे लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून येताच 20 डिसेंबरला दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडले.

हा लढा राज्यांच्या हक्कांसाठी होता, असे कोणीतरी म्हणतेच. तेव्हा उत्तर न देता, उत्तरेतील राज्ये फरारी गुलाम परत करत नाहीत ही तक्रार दक्षिण कॅरोलिनाच्या बाहेर पडण्याच्या जाहीरनाम्यात का आहे, हे विचारावे; ज्या राज्यांनी ते नाकारले, त्यांच्या हक्कांचे काय, याचा शोध विद्यार्थ्यांनी घ्यावा.

बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कला गेले, त्यामुळे येथे अस्पृश्यतेशी तुलना हमखास निघते. ती मोलाची आहे, म्हणूनच शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नये. तिच्यासाठी पुढची बैठक राखून ठेवावी.