खाण्याचा नवा ट्रेंड आला की आधी ‘किती?’ विचारा

माझी मावशी डायबेटिक आहे. मागच्या वर्षी तिने कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलं की साखर म्हणजे विष आणि गूळ म्हणजे औषध, झालं, साखरेचा डबा बंद, चहात गूळ सुरू, आणि आता गूळच आहे ना म्हणून दोन कपांचे चार कप झाले. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, वाढून आलं तेव्हा ती रडायलाच लागली, कारण बिचारीने अगदी मनापासून पथ्य पाळलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात खाण्याबद्दल काहीही नवीन आलं की आधी एकच प्रश्न विचारायचा, किती?

गुळाचंच घ्या. त्यात लोह असतं हे खरंय. पण किती? सरासरी १०० ग्रॅमला ४-५ मिलिग्रॅम, म्हणजे कपात जाणाऱ्या १० ग्रॅममधून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. कॅलरी बघितल्या तर साखर १०० ग्रॅमला ४०० आणि गूळ ३५० ते ३८०, आणि गुळात मुख्यतः असते ती सुक्रोज, म्हणजे साखरच. बघा ना, रीलमधलं ‘गुळात लोह असतं’ हे वाक्य खोटं नव्हतं, फक्त आकडा गाळला होता. बहुतेक हाइप अशीच असते, म्हणून तर ती पकडायला अवघड जाते.

पाकिटाचं सोपंय. पुढची बाजू बघूच नका, उलटं करा आणि घटकांची यादी वाचा. आपल्याकडे नियमच आहे की वजनाने जे जास्त ते यादीत आधी. नाचणी बिस्किट म्हणून घेतलं आणि पहिलं नाव मैदा, दुसरं साखर, मग तेल, तर ते मैद्याचं बिस्किट झालं. पुढे ज्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे त्याचा टक्का यादीत कंसात सापडतो, तो शोधा. साखर वेगळ्या नावांनी पण येते, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, खजुराचं सिरप, म्हणून ‘नो ॲडेड शुगर’ वर थांबू नका, खालच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे एकूण साखर किती ते बघा. आणि ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाला तर आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही, २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं त्या नावाखालून काढायला सांगितलं होतं.

आता ‘संशोधनात सिद्ध झालंय’ वाले दावे. इथे किती म्हणजे किती माणसं, किती महिने, आणि मुळात माणसं होती की उंदीर. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने जर्मनीत मुद्दाम एक कच्चा अभ्यास केला, जेमतेम १५ माणसं आणि मोजमापं तब्बल १८, इतक्या गोष्टी मोजल्या की एखादीत तरी योगायोगाने फरक दिसणारच, आणि तसंच झालं, चॉकलेटने वजन लवकर उतरतं अशी बातमी कितीतरी देशांत छापून आली. नंतर त्याने स्वतःच सगळं उघड केलं.

‘हे खाणारे लोक निरोगी असतात’ हे वाक्य त्याहून फसवं. बीटा-कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देणारा पदार्थ) असलेल्या भाज्या-फळं खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, काहींना बीटा-कॅरोटीनची गोळी दिली, काहींना नाही. १९९४ मध्ये निकाल आला तर गोळीवाल्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! गाजर वेगळं आणि गाजरातला एक पदार्थ काढून केलेली गोळी वेगळी, हे सप्लिमेंट विकत घेताना लक्षात ठेवा.

पुढचा प्रश्न, कशाच्या तुलनेत? आठ तासांतच खायचं, बाकी उपास, याने वजन उतरतं का, तर उतरतं. पण चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर चाचणी झाली, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एका गटाला वर आठ तासांची अट घातली, २०२२ ला निकाल आला आणि दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नाही. तुम्हाला ती वेळ जमत असेल तर खुशाल करा, जमत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. फक्त डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको, साखर एकदम खाली जाते.

प्रोटीन पावडर घ्यायच्या आधी घरी हिशेब करा. निरोगी माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. दिवसभरात सहा पोळ्यांचे १८, दोन वेळच्या डाळीचे १३, ग्लासभर दुधाचे ६, मूठभर शेंगदाण्यांचे ७, हे ४४ झाले की, वर एक अंडं किंवा वाटीभर दही घेतलं की काम झालं. डाळ पातळ असेल तर मात्र हा हिशेब बसत नाही, आणि आपल्याकडे खरी कमी तिथेच पडते.

आणि डिटॉक्स, म्हणजे रस वगैरे पिऊन शरीरातली घाण बाहेर काढणं. लिव्हर आणि किडनी ते काम रोज करतातच, रस प्यायल्याने ते जास्त होत नाही. दुधीच्या रसाबद्दल तर हात जोडून सांगते, कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं, २०१० मध्ये दिल्लीत त्या रसाने मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने समिती नेमून कडू रस पिऊ नका असं सांगितलं. औषध कडूच असतं म्हणून लोक नाक दाबून पितात, तसं करू नका. रस काढायच्या आधी दुधीचा छोटा तुकडा जिभेला लावा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, आणि प्यायल्यावर पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता सरळ हॉस्पिटल गाठा.