गणपतीला इलेक्ट्रिक गाडीनं कोकणात निघण्याआधी

गेल्या वर्षी हरतालिकेच्या रात्री आमची गाडी गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीच्या अलीकडे ९ टक्के चार्जवर उभी होती. समोर चार्जर होता. अ‍ॅपवर तो हिरवा दिसत होता, प्रत्यक्षात त्याचा पडदा काळा होता आणि तो तीन दिवसांपासून बंद असल्याचं शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं. देवगडजवळचं आमचं घर तिथून साधारण ६० किमी. जवळच्या घरातल्या काकांनी पाऊस चालू असताना पडवीत दिवा लावला, पंपाचा १५ अँपिअरचा प्लग दाखवला आणि विचारलं, "वायर खंय आसा तुमची?"

वायर पुण्यात होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आमच्या मीटरच्या खालच्या खुंटीवर.

त्या प्लगवर चार तास गाडी लावली असती तर मध्यरात्रीपर्यंत घरी पोचलो असतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी दीर येऊन आम्हाला घेऊन गेले, गाडी तिथेच राहिली, आणि प्राणप्रतिष्ठा आमच्याशिवाय झाली. सासूबाई चाळीस वर्षांत पहिल्यांदा नैवेद्याच्या मोदकांना हजर नव्हत्या. म्हणून हे सगळं लिहितेय. यंदा जे कोणी पहिल्यांदा बॅटरीवरच्या गाडीनं गावाला निघणार आहेत त्यांनी वाचा. घाईत असाल तर एवढंच वाचा: गाडीबरोबर मिळालेली घरच्या प्लगची चार्जिंग केबल डिकीत टाका.

आता पहिल्यापासून. पंधरा दिवस आधी रस्ता ठरवा, आणि तो चार्जर बघून ठरवा, किलोमीटर बघून नाही. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत काळजी नाही. खेड शिवापूर, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, सगळीकडे पर्याय आहेत, एक बंद असला तर दुसरा मिळतो. खरा प्रश्न महामार्ग सोडून घाटाकडे वळलात की सुरू होतो. मुंबईकरांचंही तेच. पनवेल सोडल्यावर जसजसे खाली जाल तसे चार्जर विरळ होतात. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या महामार्गालगतच्या गावांत सोय होते, पण तिथून समुद्राकडे वळलात की स्वतःच्या केबलवर विसंबायचं.

हे असं का, ते समजून घेतलंत तर तयारी नीट होईल. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१९ च्या सूचनांमध्ये महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किमीला चार्जिंग स्टेशन असावं असं लिहिलेलं होतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही २५ किमीचाच आकडा आहे. मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना पंपांवर ७,४३२ जलद चार्जर बसवायला ८०० कोटी मंजूर झाले. पण मशीन उभं करणं वेगळं आणि ते चालतं ठेवणं वेगळं. ६० किलोवॅटचं एक मशीन म्हणजे अख्ख्या वाडीएवढा भार. त्याला वेगळी जोडणी लागते, बहुतेक ठिकाणी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि गाडी येवो न येवो, स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. हायवेवर दिवसाला पंचवीस गाड्या लागतात, तिथे हे परवडतं. कोकणातल्या आतल्या रस्त्यावर जून-जुलैत दिवसाला एखादी गाडी येते आणि गणपतीच्या दहा दिवसांत रांग लागते. अशा ठिकाणी कोणी चार मशीन लावणार नाही, लावलं तर एकच, आणि त्यात बिघाड झाला तर माणूस कोल्हापूरहून किंवा रत्नागिरीहून येणार. मला यात कुणा एकाचा दोष दिसत नाही, पण चतुर्थीच्या आदल्या रात्री पावसात पोरंबाळं घेऊन उभं राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. सरकारनं नुसती मशीनची संख्या मोजण्याऐवजी महिन्यातले किती दिवस ती चालली हे मोजायला हवं, असं माझं ठाम मत आहे. २०२४ संपताना देशात २५ हजारांवर सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं होती आणि राज्यांत महाराष्ट्र दुसऱ्या क्रमांकावर होता. त्या आकड्यात आपल्या वाटेवरचं बंद मशीनसुद्धा मोजलेलं असतं.

तर रस्ता ठरवताना प्रत्येक चार्जरला एक जोडीदार शोधा, आणि जोडीदारापर्यंत पोचण्याइतका चार्ज शिल्लक असतानाच पहिल्यावर पोचा. आम्ही कोल्हापुरात चार गाड्यांची रांग बघून ४५ टक्क्यांवर पुढे निघालो, "खाली एक आहे ना" म्हणत. हे करू नका. घाटापूर्वीच्या शेवटच्या खात्रीच्या ठिकाणी दीड तास गेला तरी थांबा. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या. कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किमी जाते तो आकडा, विसरा. माझ्या गाडीची बॅटरी ३० युनिटांची आहे. कंपनीचा आकडा तीनशे किमीच्या वर, आणि पाच माणसं, सामान, एसी, पाऊस धरून प्रत्यक्षात दोनशे.

आठवडाभर आधी अ‍ॅप. प्रत्येक कंपनीचं वेगळं, प्रत्येकात वेगळं खातं, वेगळे पैसे. ती सगळी घरच्या वायफायवर उतरवा, ओटीपी घेऊन खाती चालू करा, दोन-तीनशे रुपये आधीच भरून ठेवा. घाटाखाली ओटीपी येत नाही. टॅप करायचं कार्ड मिळत असेल तर घ्या. फोन दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचे असू द्या. दर युनिटला साधारण वीस रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून चला.

आणि अ‍ॅपवरच्या हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका. प्लगशेअर या अ‍ॅपवर लोकांनी लिहिलेली शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. दोन महिन्यांपूर्वीची असेल तर ते ठिकाण नाहीच असं समजा. मग फोन. कंपनीच्या हेल्पलाइनला नको, त्यांच्या पडद्यावरही तोच हिरवा ठिपका असतो. पंपाला किंवा हॉटेलला करा. आणि "चार्जर चालू आहे का?" असं विचारू नका, "हो, चालू आहे" असंच उत्तर मिळतं. "आज कुठली गाडी लागली का? किती वाजता?" असं विचारा. सांगणारा अडखळला की समजायचं. रात्री गेट बंद होतं का, हेही विचारा. शोरूमच्या आवारातली मशीन संध्याकाळनंतर कुलपात असतात. हा फोन आदल्या दिवशी एकदा आणि निघायच्या सकाळी एकदा.

आता केबल. ही राहते कशी ते नीट सांगते, कारण नुसतं "विसरू नका" म्हणून भागत नाही. निघायच्या आदल्या रात्री आपण गाडी त्याच केबलनं १०० टक्के भरायला लावतो. म्हणजे सगळी बॅग भरून होते तेव्हा केबल बॅगेत नसते, ती भिंतीला असते. पहाटे साडेचारला अंधारात गन (केबलचं गाडीत बसणारं टोक) काढायची, ती सवयीनं खुंटीवर अडकवायची, मखराचा खोका डिकीत बसत नाही म्हणून सामान पुन्हा लावायचं, सासूबाईंना पुढे बसवायचं, आणि निघायचं. रोज ऑफिसला जाताना हात जे करतो तेच त्या दिवशीही करतो. म्हणून मी यंदा गाडीची किल्ली त्या खुंटीवरच ठेवणार आहे, केबलच्या वेटोळ्यात. तुम्ही दुसरा काही मार्ग काढा, पण काढा. घरी भिंतीवरचा मोठा चार्जर असलेल्यांनो, तुम्हालाही हेच लागू. तुमची छोटी केबल माळ्यावर डब्यात असेल. ती आत्ता उठून काढा, एकदा लावून चालते का बघा आणि डिकीतल्या तळाच्या कप्प्यात ठेवा. केबलशिवाय कोकणात उतरू नका.

केबलबरोबर दोन गोष्टी लागतात. पहिली, एक्स्टेंशन. बाजारातली तीन-चारशेची पांढरी पट्टी नाही, ती वितळते. तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची तीनपदरी तार, एका टोकाला १६ अँपिअरचा प्लग, दुसऱ्याला सॉकेट, पंधरा मीटर, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. वापरताना पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली तार तापते. दुसरी, अर्थिंग. केबलवरच्या डब्यात लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच झालं नाही तर बहुतेक वेळा अर्थिंग नसतं. गावच्या जुन्या घरांत तीन भोकांचा प्लग असतो आणि तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. दिवाळीत गावाला गेलो तेव्हा आमच्या घरी नेमकं हेच निघालं. म्हणजे त्या रात्री पोचलो असतो तरी अडकलोच असतो. गावातल्या वायरमनला आठवडाभर आधी फोन करून फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावून बघायला सांगा, गरज पडली तर मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या. अर्थिंग नाही म्हणून जुगाड करून, तार न्यूट्रलला जोडून गाडी लावणारे लोक आहेत. तसं कृपा करून करू नका. पावसात ओल्या अंगणात गाडीच्या पत्र्याला पोरं हात लावतात.

घरच्या प्लगवर ताशी तीन युनिट धरा. रात्रभर दहा तास लावली तर माझ्यासारख्या गाडीला पावणेदोनशे किमी मिळतात. गावात व्होल्टेज कमी असतं आणि गणपतीत रोषणाईचा भार असतो, तेव्हा डब्यावर अँपिअर कमी करायची सोय असेल तर १० वर ठेवा, पंप आणि गीझर त्या वेळी बंद. दुसऱ्याच्या घरी लावलीत तर युनिट मोजून पैसे द्या. ते नको म्हणतील, तरी द्या.

रस्त्यात: ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, मागे रांग असेल तर ८० ला गन काढा. घाटापूर्वीचा शेवटचा असेल तर मात्र मागच्याला सांगून भरा. एका मशीनला दोन गन असतील तर ६० चे ३०-३० होतात, ते वेळेच्या हिशोबात धरा. लहान गाडी असेल तर १२० च्या मशीनवर मोठ्या गाडीची जागा अडवू नका, तुमची गाडी तेवढं घेतच नाही. गाडी सोडून जेवायला जाल तर काचेवर फोन नंबर ठेवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोल माफ आहे, कोल्हापूरच्या रस्त्यावर नाही, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे असू द्यात.

परतीचा हिशोब वेगळा करा. जाताना घाट उतरताना बॅटरी थोडी भरते, येताना तोच घाट चढायचा असतो. भरलेली गाडी साधारण दोन टनांची, सहाशे मीटर चढ, म्हणजे साडेतीन ते चार युनिट नुसते वर जायला. पंचवीस किमीची रेंज गेली. घरून १०० टक्के भरूनच निघा. घाट चालू आहे ना, तेही विचारा, पावसात दरड येते.

बाकी पाणी, टॉर्च, छत्री, औषधं, हवा. तुम्हाला माहीत आहे.

गौरी-गणपती विसर्जन झालं की पहाटे निघताना केबल गावच्या पडवीत प्लगला लावलेली असेल. तिथेही किल्ली तिच्याच वेटोळ्यात ठेवा.