मोठ्या प्रिंटसाठी कॅमेरा निवडताना

विक्रीसाठी मोठे प्रिंट काढायचे असतील, तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पुरेसे आहेत की नाहीत, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. ते कागदावर पाहावे लागते, आणि त्यासाठी संपूर्ण प्रिंट काढण्याचा खर्च करण्याची गरज नसते.

१. कॅमेरा भाड्याने घेऊन, जी लेन्स पुढे वापरणार आहात तीच लावून, ट्रायपॉडवरून बारीक पोत असलेले दृश्य रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, टिपावे.

२. फोटोच्या रुंदीतील पिक्सेलना प्रिंटच्या रुंदीच्या इंचांनी भागावे. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ६००० पिक्सेल रुंदी असते. ६० इंची प्रिंटसाठी दर इंचाला १०० पिक्सेल मिळतात.

३. या हिशेबाने ८ × ११ इंचांचा, म्हणजे ८०० × ११०० पिक्सेलचा तुकडा कापून ए-४ कागदावर छापावा. एक तुकडा मध्यातून आणि दुसरा कोपऱ्यातून घ्यावा, कारण लेन्सचा कमकुवतपणा बहुधा कोपऱ्यातच उघडा पडतो.

तुकडे भिंतीवर लावून आधी दोन मीटरवरून आणि मग हातभर अंतरावरून पाहावेत. माझ्या मते जवळून पाहणेच निर्णायक, कारण विकत घेणारा माणूस प्रिंटच्या अगदी जवळ जातोच.

छापताना ‘फिट टू पेज’ हा चित्र कागदाच्या मापाला लहान-मोठे करणारा पर्याय बंद ठेवावा आणि कागद अंतिम प्रिंटचाच वापरावा, कारण मॅट कागदावर झाकला जाणारा दोष ग्लॉसी कागदावर स्पष्ट दिसतो.